पायगाडीवरचा पाहुणा

पाहुणा कोणत्या वाहनाने येतो यावर त्याचे आगतस्वागत बरेचसे अवलंबून असते, असे आमचे अलीकडे मत बनले आहे. मोटारीने येणारा पाहुणा आधी फोन करतो, येताना मिठाईचा पुडा आणतो, आणि खुर्चीच्या कडेवर बसून चहा घेता घेता रस्त्यावर उभ्या केलेल्या आपल्या गाडीकडे तीनदा पाहतो. आगगाडीने येणाऱ्यास परतीच्या गाडीची वेळ तोंडपाठ असते. विरार–डहाणू मार्गावर तर ही गाडी चुकली तर पुढची केव्हा, हा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर उमटलेला स्पष्ट दिसतो. हे दोघेही भेटीस येतात. घरी येत नाहीत. पायगाडीवरून येणाऱ्याची गोष्ट निराळी. तो धुळीने माखलेला असतो, त्याच्या सदऱ्याला घामाचा वास येत असतो, आणि त्याला प्रथम तांब्याभर पाणी व मग न्हाणीघराची वाट दाखवावी लागते. दिवस कलला असेल तर त्यास ठेवून घेतल्यावाचून यजमानास गत्यंतरच नसते. पायगाडी हा शब्द आम्ही मुद्दाम योजीत आहो. सायकल म्हटले की हल्लीच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे अठरा-वीस गिअरांचे, हातात घेतले तर कागदासारखे हलके असे यंत्र उभे राहते. आमची तशी नव्हे. आमची काळी, साधी, मागे लोखंडी कॅरिअर असलेली, आणि घंटीवाचून बाकी सर्व भाग वाजणारी अशी आहे.

गेल्या मार्गशीर्षात या पायगाडीवरून मुंबईहून बडोद्यास जाण्याचे आम्ही ठरविले. अंतर सुमारे ४०० किलोमीटर. घाईचे कारण नव्हते; रोज जमेल तेवढे जावे आणि रात्री कोणातरी आप्ताच्या अथवा स्नेह्याच्या घरी मुक्काम करावा, असा बेत होता. हॉटेलात एकही रात्र काढावयाची नाही, हा त्यातला मुख्य नियम. हा नियम आम्ही मोठ्या अभिमानाने घरात जाहीर केला, तेव्हा सौभाग्यवती भाजी निवडता निवडता एवढेच म्हणाल्या, "तुमचा होईल प्रवास, आणि दोन वेळची खटपट होईल त्या त्या घरच्या बायकांना." या बोलण्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आजही नाही. तथापि जुन्या कॅलेंडराच्या पाठीवर आम्ही मुक्कामांची यादी केली: ठाणे, वसई, पालघर, बोईसर, मग एकदम उंबरगाव, नवसारी, भरूच. दुसऱ्या दिवशी पाहतो तो बोईसर आणि उंबरगाव यांच्यामध्ये, ओळ वाकडी करून, दुसऱ्याच अक्षरात एक नाव घातलेले: 'चिंचणी – आत्या'. आम्ही ते खोडले नाही, आणि त्याविषयी बोललोही नाही.

लांबच्या सायकल-प्रवासाची गोष्ट निघाली की आम्हास मुंबईच्या पारशी तरुणांची आठवण होते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा जण सायकलींवरून जगाच्या प्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघेच १८ मार्च १९२८ रोजी, सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून, परत मुंबईस पोचले. इराणची वाळवंटे, युरोप, अमेरिका, जपान, सर्व काही त्यांनी पाहिले, आणि १९३१ साली त्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. ज्या काळी वाट विचारावयास भाषा नव्हती आणि पंक्चर काढावयास दुकान नव्हते, त्या काळची ही गोष्ट. परंतु त्यांच्या धाडसाला मान लववूनही एक बारीकशी शंका आम्ही मनात बाळगून आहो. त्यांना साडेचार वर्षे बहुतेक परक्यांच्याच दारी उभे राहावयाचे होते. परक्याच्या दारी पाणी मागणे त्या मानाने सोपे. ज्या दारी आपण पाच वर्षांत पाऊल टाकलेले नाही, त्या दारी पाणी मागणे ही निराळीच चढण आहे, आणि तिला कोणत्याही गिअरचा उपयोग होत नाही.

ठाणे आणि वसई येथील मुक्कामांविषयी विशेष लिहिण्यासारखे काही नाही. ठाण्यास मेव्हण्याने आमच्या प्रकृतीची चौकशी करण्याऐवजी आमच्या पत्नीच्या संमतीची चौकशी केली, आणि वसईच्या स्नेह्याने आम्हाला रात्री अकरापर्यंत आपली नवी कविता ऐकविली. हे पाहुण्याने द्यावयाचे भाडे समजून आम्ही ते दिले. तिसऱ्या दिवशीचा पल्ला मात्र मोठा होता. शिरसाडपासून मनोरपर्यंतच्या महामार्गावर मालमोटारींची रांग आमच्या कोपराला चाटून जाई. प्रत्येक मालमोटार गेली की तिच्यामागून वाऱ्याचा एक लोट येऊन पायगाडीला हातभर ढकली, आणि आम्ही मनात रामरक्षा सुरू करीत असू. मस्तान नाक्यावर तो रस्ता सोडून पालघरकडे वळलो तेव्हा कोणी कानांतले बोळे काढावे तसे झाले. मासवणजवळ सूर्या नदी ओलांडली की पुढे वाघोबाचा घाट. घाट म्हणजे काही खंडाळ्याचा नव्हे. मोटारीत बसलेल्यास तो आला केव्हा आणि गेला केव्हा हे कळणारही नाही. परंतु आमच्या मांड्यांना तो चांगलाच कळला. अर्धा आम्ही चढलो आणि अर्धा पायगाडीला हात धरून चालविली. खिंडीत वाघोबाचे ठाणे आहे. वारली लोकांचा हा वाघदेव. येणारा-जाणारा तेथे थांबून हात जोडतो. आम्हीही थांबलो. यात भक्तीचा भाग किती आणि धापेचा किती, हे वाघोबास ठाऊक.

पालघरास आमचा मावसभाऊ राहतो. तो निवृत्त शिक्षक. बोलताना अजूनही प्रत्येक वाक्याच्या शेवटी समोरच्यास कळले की नाही हे पाहून पुढे जातो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यास आता दशक उलटून गेले. पण ठाण्याच्या कचेरीत आयुष्यभर खेटे घातलेल्या आमच्या मावसभावाच्या तोंडून अजून अधूनमधून 'ठाणे जिल्हा' निघतो, आणि मग तो स्वतःचीच चूक स्वतः दुरुस्त करतो. संध्याकाळी त्याने आम्हाला हुतात्मा चौकापर्यंत चालत नेले. पाय जड झाले असताना चालण्याचा आग्रह हा शिक्षकांनाच शोभतो. १४ ऑगस्ट १९४२ रोजी येथे मोर्च्यावर गोळीबार झाला आणि पाच जण पडले. पालघर, सातपाटी, मुरबे, नांदगाव, सालवड अशा जवळपासच्या गावांची ती माणसे. आता स्तंभाभोवती रिक्षा आणि दुचाक्या अखंड फिरत असतात. मावसभाऊ म्हणाला, "लहानपणी आत्या तुला हाताला धरून इथं आणायची, आठवतं?" ती त्याची आत्या नव्हे, आमची, पण आजोळच्या सुटीत सगळ्यांची आत्या ती एकच होती. आम्ही म्हणालो, "आठवतं." तो म्हणाला, "मग जाशील ना?" आम्ही रिक्षांच्या गर्दीविषयी काहीतरी बोललो.

रात्री वहिनींनी सातपाटीचे पापलेट तळले, आणि शिवाय उकडहंडी केली होती. वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी असे थंडीतले सारे मडक्यात एकत्र शिजविलेले हे जेवण ज्याने खाल्ले नाही त्याला नुसत्या वर्णनाने कळावयाचे नाही. आम्ही तीनदा वाढून घेतले. मग वहिनी ओट्यापाशी एकट्याच भांडी आवरीत असलेल्या पाहून सौभाग्यवतींचे वाक्य आठवले, आणि उठून ताटे विसळू लागलो. "भावोजी, ठेवा ते," असे त्या म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत.

पालघर ते बोईसर हे अंतर थोडे. पण सारा दिवस हाताशी असल्यामुळे आम्ही रमतगमत गेलो. वाटेत कोळगावास नव्या जिल्ह्याच्या प्रशस्त कचेऱ्या दिसतात, मग भाताची कापून गेलेली शेते आणि खुंटांवर बसलेले बगळे, आणि बोईसर जवळ आले की हवेस कारखान्यांचा वास येऊ लागतो. आमचे बोईसरचे स्नेही या वासास 'पगाराचा वास' म्हणतात. त्यांनी येथल्या एका कारखान्यात तेहतीस वर्षे पाळ्या केल्या आणि त्या सगळ्या सायकलवरून केल्या. आम्ही बडोद्यापर्यंत जाणार हे ऐकून त्यांनी आश्चर्य दाखविले नाही. आपल्या येण्याजाण्याचा त्यांनी कधीकाळी हिशेब केला होता. त्यात पृथ्वीप्रदक्षिणा होऊन वर बरेच उरत होते. "फक्त रोज तिथंच परत यायचो," ते म्हणाले.

दुसऱ्या सकाळी त्यांनीही आपली सायकल बाहेर काढली आणि आम्हास तारापूरपर्यंत सोबत केली. भारतातले पहिले अणुवीज केंद्र ते हेच. १९६९ साली येथली वीज बाहेर जाऊ लागली. त्या वेळी ही घटना केवढी वाटली असेल याची कल्पना आज करणे कठीण. पुढे तिसरे आणि चौथे संयंत्र आले. ती २००५ आणि २००६ साली सुरू झाली, आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठून दुसरीकडे वसली. आमच्या स्नेह्यांची सासुरवाडी पोफरणची. एका वळणावर त्यांनी सायकल थांबविली, समुद्राच्या बाजूस हात केला आणि म्हणाले, "लग्नाचा मांडव तिकडं होता." तिकडे काही दिसत नव्हते, नुसती झाडांची ओळ. आम्ही विचारले, "आता जाता येतं का?" "सासू-सासरे नव्या गावात गेले, तिथं जातो की," ते म्हणाले. "माणसाकडं जाता येतं. गावाकडं नाही जाता येत." आणि पायडल मारून ते पुढे निघाले. हे वाक्य त्यांनी सहज उच्चारले, पण पुढचा सबंध मैल आम्ही दुसरे काही ऐकले नाही. आत्या शहात्तर वर्षांची आहे.

तारापूरचा किल्ला आम्ही बाहेरूनच पाहिला. १७३९ च्या आरंभी चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून घेतला, आणि त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामास आले; त्यानंतर काही महिन्यांनी वसई पडली. शाळेत हे वाचताना किल्ला घेतला म्हणजे प्रकरण संपले असे वाटे. याच तारापुरातून विकाजी मेहरजी हा पारशी सावकार निघाला आणि हैदराबादेस जाऊन निजामाच्या दरबारी पैसा पुरवू लागला. एवढ्याशा गावातून माणसे कोठवर जातात! आणि आम्हाला खाडीपलीकडच्या चिंचणीस जावयाचे, तर पाय जड झालेले. स्नेह्यांनी निरोप घेतला, आणि आमच्या मागच्या चाकाकडे एकदा पाहून, काहीतरी बोलावेसे वाटूनही, न बोलता ते परतले.

आता ती गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या वडिलांमागे गावचे घर विकण्याची वेळ आली तेव्हा कागदावर आत्याची सही लागत होती. ती सही द्यावयास आत्या आली, दिलीही, पण देताना एवढेच म्हणाली की, मला पैसा नको, पण विकण्यापूर्वी कोणीतरी विचारावयास हवे होते. हे बोलणे खरे होते, म्हणूनच आम्हास फार लागले. आम्ही काही उत्तर केले. ते येथे लिहिण्याजोगे नाही. पुढे २०२० साली, टाळेबंदीच्या दिवसांत, आत्याचे यजमान गेले. त्या वेळी कोणासच जाता येत नव्हते, आणि आमच्या न जाण्यास साऱ्या जगाचे निमित्त होते. मग वाहने सुरू झाली, गाड्या धावू लागल्या, निमित्त संपले. आणि तरी आम्ही गेलो नाही. आज जाऊ, दिवाळीनंतर जाऊ, असे करता करता न जाण्याचीच एक लाज तयार झाली आणि ती भांडणाहून जड होऊन बसली. माणसे भांडणामुळे दुरावतात असे म्हणतात. आमच्या मते भांडणाचे निमित्त होते. दुरावा नंतरच्या संकोचानेच वाढतो.

चिंचणीत शिरलो आणि आत्याची आळी ओलांडून सरळ पुढे गेलो. समुद्रावर जाऊन सुरूच्या झाडाखाली बसलो. ओहोटी होती, ओल्या वाळूवर दोन पोरे सायकलच्या टायरला काठीने हाकीत पळत होती. अर्धा तास आम्ही तेथे काय केले, तर कोणते वाक्य प्रथम बोलावे हे ठरविले. 'सहज इकडून चाललो होतो' हे पसंत केले. मग उठलो आणि परत आलो.

आत्या पडवीतच होती, सुपात तांदूळ घेऊन बसलेली. आम्ही फाटक लोटले तेव्हा तिने मान वर केली. चष्मा पुढे ओढून आमच्याकडे, मग पायगाडीकडे पाहिले. आम्ही ठरविलेले वाक्य जुळवीत होतो, तोच ती म्हणाली, "मागच्या चाकात हवा नाहीये."

आम्ही वळून पाहिले. खरोखरच चाक अर्धे बसले होते. बोईसरच्या स्नेह्यांनी पाहिले होते ते हेच असावे.

"पंप तिथं कोपऱ्यात आहे, यांचा," ती म्हणाली. "आधी पाणी घे."

पडवीच्या कोपऱ्यात आत्याच्या यजमानांची सायकल होती. तिच्यावर जुने लुगडे व्यवस्थित पांघरलेले. तिच्याशेजारी उभा पितळी पंप, पायाने दाबून धरावयाचा, त्याची मूठ हातांनी घासून काळी गुळगुळीत झालेली. आमच्या पिशवीतला छोटा पंप वसईपासून फुस्स करीत होता, हे कबूल केले पाहिजे. आम्ही हवा भरू लागलो. पंपाच्या प्रत्येक दाबाबरोबर तो एक उसासा टाकी, आणि त्या आवाजाच्या आडोशाने आत्याने विचारले, "का नाही आलास?"

आम्ही हात थांबविला. "लाज वाटत होती," आम्ही म्हणालो. दुसरे काही सुचले नाही.

"चार माणसं होती न्यायला," ती तांदूळ पाखडीत म्हणाली. "एक तर गावातलाही नव्हता." मग थोड्या वेळाने, "भर, भर. अजून दहा तरी दाब लागतील."

क्षमा केली असे ती म्हणाली नाही, आणि ती तशी करणारीही नव्हे. जेवताना तिने वडिलांना दोन दोष दिले. दोन्ही खरे होते. आम्ही भात कालवीत ऐकले. घराचा विषय तिने काढला, म्हणाली की मागच्या दाराची कडी तरी काढून आणावयाची होती, आजीच्या हातची होती. ती कडी आता कोठे असेल कोण जाणे. हे एक देणे असे आहे की ते फिटणार नाही, आणि तिला ते ठाऊक आहे.

रात्री आतेभावाच्या खोलीत दिवा उशिरापर्यंत जळत होता. चिंचणी आणि आसपासच्या गावांतून दागिन्यांचे डाय बनविण्याचा धंदा आहे. आतेभाऊ तोच करतो. पोलादाच्या ठोकळ्यावर भिंगातून पाहत, बारीक छिन्नीने तो एक मोराची नक्षी कोरीत बसला होता. सोन्याच्या पत्र्यावर जे उठून दिसावयाचे ते पोलादात खोल असावे लागते. सगळे उलटे कोरायचे. "चुकलं तर?" आम्ही विचारले. "चुकलं तर ठोकळा घासून पुन्हा पहिल्यापासून," तो म्हणाला, "पण मग ठोकळा तेवढा कमी होतो." आणि पुन्हा टकटक सुरू झाली. त्या आवाजात आम्हास चटकन झोप लागली. गेल्या चार रात्रींत तशी लागली नव्हती.

सकाळी निघताना आत्या पंप घेऊन उभी. "तुझा तो खेळण्यातला टाकून दे," ती म्हणाली. आम्ही म्हणालो की एवढे धूड बडोद्यापर्यंत कसे न्यावे. "कॅरिअरला बांध. पण द्यायचा नाहीये तुला. परत आणायचा." तिने स्वतः सुतळीने तो बांधला, आणि गाठ इतकी आवळली की उंबरगावास ती सोडविण्यास कोयता लागला.

पुढचा प्रवास, म्हणजे डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या, संजाण, नवसारी, भरूचचा नर्मदेवरील लांबच लांब पूल, बडोद्याच्या मावशीकडची पुरणपोळी, हे सर्व यथासांग झाले. सगळ्या वाटेने पंप मागे खडखडत होता, आणि भेटेल तो त्याच्याविषयी विचारी.

तो आता आमच्या सज्जात उभा आहे. परवा सौभाग्यवतींनी त्याची मूठ ओढून पाहिली, तर दाब धरीना. आतला चामड्याचा वॉशर सुकला असावा. तेल दोन दिवस मुरू दिले पाहिजे, नाहीतर नवा घालावा लागेल. पायधुणीस एक दुकानदार असले जुने सामान ठेवतो असे ऐकतो. या रविवारी तिकडे जाऊन येणार आहो, आणि मग चिंचणीस.